रकान्यामागचा संशय

देणगी मागायच्या अर्जात जितके रकाने असतात, तितके संशय असतात. एकाच कामाचे पैसे दोघांकडून तर घेत नाही ना? मुलं खरोखर शाळेत येतात का? आमच्या पैशावर धर्मप्रसार होणार नाही ना? हिशेब कोण तपासतं? आम्ही हात काढून घेतला तर काम बंद पडेल का? छापील फॉर्मवर हेच प्रश्न सभ्य होऊन येतात. ‘लाभार्थी निवडीचे निकष’, ‘अंमलबजावणी यंत्रणा’, ‘प्रकल्पाची शाश्वतता’. पण खरवडून पाहिलं तर प्रत्येकाखाली कधीकाळी फसलेला, किंवा फसू अशी धास्ती घेतलेला, एखादा दाता सापडतो.

मी संस्थांची प्रपोजलं लिहिते. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे मदतीची आणि संस्थांची रीघ लागली, त्या धामधुमीत या कामात पडले. आता स्वतः लिहिण्यापेक्षा इतरांकडून लिहून घेते. शिबिराला येणाऱ्यांची मागणी ठरलेली असते, “ताई, एखादं पास झालेलं प्रपोजल द्या, त्यावरून आम्ही करतो.” ते मी देत नाही. त्याऐवजी पुण्यातल्या रमण्याची गोष्ट सांगते. चुळबुळ होते, कुणी मोबाइल काढतं; पण दुपारपर्यंत बहुतेकांना कळतं की ही बाई वेळकाढूपणा करत नाहीये.

पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटत. ही पद्धत मूळची सेनापती खंडेराव दाभाड्यांची, तळेगावची; ती पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. देशभरातून ब्राह्मण येत. वेदशास्त्रात पारंगत असेल त्याला जास्त, नुसताच आलेल्याला थोडी. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या आवारात सगळ्यांना आत घ्यायचं आणि दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची, अशी रीत होती. बाहेर पडलेला परत आत येणार नाही, म्हणजे दोनदा घेणार नाही. आज लाभार्थ्यांच्या यादीत आधार क्रमांकाचा रकाना असतो, त्याचं काम तेव्हा रमण्याचं दार करत होतं. विद्वत्तेनुसार कमीजास्त रक्कम म्हणजे निवडीचा निकष. आणि कुणी यायचं हे जातीनंच ठरलेलं, म्हणजे पात्रतेची अट. फॉर्म नव्हता, एवढंच.

पेशवाई गेली. इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही; एल्फिन्स्टनला पुण्याचे शास्त्री-पंडित दुखवायचे नव्हते. पण पैसा हळूहळू वळवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती या दक्षिणेच्या पैशावर. पुढे १८४९ च्या सुमारास नव्यानं शिकलेल्या काही मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या फंडातला काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, बक्षीस म्हणून द्यावा. शास्त्रीमंडळी खवळली. लोकहितवादी अर्जाच्या बाजूला होते, आणि तरुण जोतीराव फुलेही. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी झाली. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हा अर्ज फार महत्त्वाचा. दात्याकडे आधीच असलेल्या पैशाचा हेतू बदलून मागणं ही प्रपोजलमधली सर्वांत अवघड मागणी. त्यात नवा हेतू पटवावा लागतो, शिवाय जुन्या हेतूवर जगणाऱ्यांचा राग अंगावर घ्यावा लागतो.

मुलींच्या शाळांसाठी फुल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे मदत मागितली ती १८५२ मध्ये. भिडेवाड्यातली पहिली शाळा १८४८ ची. मध्ये घर सोडावं लागलं, पैसे संपले, खंड पडला. १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा, मग सप्टेंबरात रास्ता पेठेत, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत. म्हणजे अर्ज करताना हातात चालतं काम होतं. ज्या दक्षिणा फंडावर एका जातीचा हक्क समजला जात होता, त्यातूनच पुढे या शाळांना मासिक मदत मिळाली. १८५२ च्या नोव्हेंबरात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला तोही विश्रामबागवाड्यातच. पुण्यात हे सगळं चालत जाता येईल एवढ्या टापूत घडलंय.

मला त्याहून मोलाची वाटते ती फेब्रुवारी १८५३ मधली जाहीर परीक्षा. शाळेतल्या मुलींना लोकांसमोर उभं करून प्रश्न विचारायचे, ज्याला पाहायचं त्यानं यावं. हजारो लोक लोटले. वर्तमानपत्रांत वृत्तान्त आला. आजच्या भाषेत हा ‘इम्पॅक्ट रिपोर्ट’. पण आजचा रिपोर्ट पीडीएफ होऊन दात्याच्या ईमेलमध्ये पडतो आणि तो कुणी उघडला की नाही हे देव जाणे. फुल्यांनी दात्यालाही आणि विरोधकालाही एकाच अंगणात बोलावलं. मुली वाचू शकतात की नाही, हा संशय दोघांनाही होता. दोघांनी एकदमच ऐकावं.

आणि मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपण प्रपोजलला ‘केस स्टडी’ जोडतो ना? फोटो, दोन परिच्छेद, शेवटी लाभार्थी महिला संस्थेचे आणि दात्याचे आभार मानते. मुक्तानं कुणाचे आभार मानण्यात निबंध घालवला नाही. तिनं महार-मांगांच्या दुःखाबद्दल लिहिलं, आणि ज्या धर्मात आम्हाला ग्रंथ वाचायची मनाई आहे तो आमचा धर्म कसा, असं विचारलं. शाळेत नेमकं काय शिकवलं जातं याचा इतका सज्जड पुरावा मी आजवर कुठल्याच परिशिष्टात पाहिलेला नाही. शिबिरात हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “ताई, असं लिहिलं तर फंडर पळून जाईल.” जाईल काही ठिकाणी, खरं आहे.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि अनुदान ही कायमची सरकारी व्यवस्था झाली. खासगी शाळेला सरकार पैसे देईल. पण धर्मनिरपेक्ष शिक्षण नीट मिळालं पाहिजे, स्थानिक व्यवस्थापन जबाबदार हवं, सरकारी इन्स्पेक्टरला तपासणी करू द्यावी लागेल आणि मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी लागेल. आज कुठल्याही फंडरच्या अटी काढून पाहा, हे चार खांब आहेतच. फीची अट आता ‘लोकवाटा’ म्हणून येते. मुंबई इलाख्यात पुढे निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टर येणार, परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितके पैसे. मग मास्तरांनी काय केलं असेल हे सांगायला इतिहासकार नको. पास होतील अशाच मुलांवर मेहनत. टार्गेटवर पैसे बांधले की कामाचं तोंड टार्गेटकडे वळतं, ही तक्रार आपण कार्यकर्ते गेल्या काही वर्षांतली समजतो. ती किमान दीडशे वर्षांची आहे. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे फुल्यांनी लेखी निवेदन दिलं त्यात त्यांचा रोख आणखी मुळावर होता. सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. अर्ज करणाऱ्यानं दात्याला त्याचेच पैसे कुठून आले ते विचारणं, हे आजही धाडसाचं आहे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची कहाणी थोडक्यात सांगते, ती पुण्यात सगळ्यांना पाठ असते. १८८४ मध्ये सोसायटी, १८८५ च्या जानेवारीत कॉलेज. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी बाराशे रुपये दिले आणि त्यांचं नाव कॉलेजला मिळालं. रकमेकडे पाहिलं तर नाव स्वस्तात गेलं असं वाटेल. पण गव्हर्नरचं नाव वर आलं की दक्षिणेतल्या संस्थानिकांची दारं उघडायला सोपं जात होतं, आणि महादेव बल्लाळ नामजोशी हे ती दारं ठोठावण्यात तरबेज होते. टिळक-आगरकरांचे पुतळे झाले. नामजोशींना लोक विसरले. पैसे आणणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

आता पंडिता रमाबाई. अर्ज लिहिण्याचं कौशल्य म्हणून जे काही शिकवलं जातं ते सगळं त्यांच्या एका पुस्तकात आहे, आणि त्या कौशल्याची किंमतही त्यांच्याच आयुष्यात दिसते, म्हणून इथे मी थांबते.

१८८६ मध्ये रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेत गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तिथल्या डीन डॉ. रेचल बॉडली. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८८७ मध्ये निघालं, आणि त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. म्हणजे वाचकाच्या ओळखीच्या, वजनदार व्यक्तीची शिफारस पुस्तकाच्या तोंडालाच. पुढे बालपण, लग्न, धर्मातलं स्थान, वैधव्य अशी प्रकरणं. ग्रंथांचे दाखले आहेत, जनगणनेचे आकडे आहेत, आणि आईवडिलांची, स्वतःची हकिकतही आहे. शेवटचं प्रकरण म्हणजे चक्क आवाहन. काय हवंय, कशासाठी, ते चालवणार कोण, हे स्पष्ट लिहिलेलं. पुस्तकाच्या विक्रीचा पैसा कामालाच जाणार होता. एरवी लेखक पुस्तक लिहितो आणि संस्था अर्ज लिहिते; रमाबाईंनी दोन्ही एकाच बाडात बांधलं.

मग व्याख्यानांसाठी त्या शहरोशहरी फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. एडवर्ड एव्हरेट हेल अध्यक्ष. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळं निघाली, त्यांतल्या बायका ठरावीक वर्गणी देणार, आणि ही मदत दहा वर्षं चालणार असं वचन. दहा वर्षं! आजचा फंडर तीन वर्षांच्या पुढे बोलत नाही, आणि दुसऱ्या वर्षीच ‘एक्झिट प्लॅन’ विचारतो. अपेक्षा अशी होती की दहा वर्षांत हिंदुस्थानातले लोकच संस्था उचलून धरतील. प्रपोजलमधलं शाश्वततेचं कलम ते हेच.

पण सगळ्यात नाजूक कलम धर्माचं होतं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. पैसे देणारे बोस्टनचे ख्रिस्ती, पण वेगवेगळ्या पंथांचे. मुली येणार ब्राह्मण घरांतल्या. तेव्हा ठरलं की शिकवण धर्मनिरपेक्ष राहील. मुलींवर धर्म लादायचा नाही, पण बायबल दडवूनही ठेवायचं नाही. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन उघडलं. रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात बसली. म्हणजे एक हिशेब बोस्टनला द्यायचा, एक इथल्या समाजाला. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. त्या पुढे बाया कर्वे झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं, आणि पुण्यात नजरा जास्त तीक्ष्ण होत्या.

रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली जाऊन बसत. हे लादणं की न लपवणं? करारातली दोन्ही वाक्यं खरी ठरवता येत होती, आणि दोघांनीही आपापल्या सोयीचं वाक्य धरलं. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टननं मात्र पाठिंबा काढला नाही. मला विचाराल तर रमाबाईंनी कुणाला फसवलं नाही. कलमच असं लिहिलं होतं की शांततेच्या दिवसांत सगळ्यांना आवडावं. लिहिणारे आपण बऱ्याचदा हेच करतो; दोन दात्यांना एकाच वाक्यात खूश करतो, आणि वाद होतो तेव्हा त्या वाक्याला दोन टोकांनी ओढलं जातं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं, उघडपणे ख्रिस्ती. त्या कामात मग कुणाला काही विचारायचं उरलं नाही, पण पुण्याचा मध्यमवर्गही त्यात उरला नाही.

शारदासदनाची ही वाताहत जवळून पाहिलेला माणूस म्हणजे धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे. गोदूबाईंशी त्यांचं लग्न १८९३ चं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. आता संशयाची दिशा उलटली. धर्मांतराची भीती नव्हती. भीती ही, की पुनर्विवाह केलेला हा माणूस आश्रमातल्या विधवांची लग्नं लावून देणार. अण्णांनी काय केलं? पुनर्विवाह मंडळीच्या कामातून बाजूला झाले आणि आश्रमाला त्या प्रचारापासून लांब ठेवलं. सुधारक नाराज झाले, काहींनी कच खाल्ली असं म्हटलं. पण वर्गणी देणारा वर्ग हा सुधारकांहून कितीतरी मोठा होता आणि त्याची भीती नेमकी कोणती हे अण्णांना ठाऊक होतं. मी स्वतः हे केलं असतं का, सांगता येत नाही. अण्णांच्या घरात बाया कर्वे होत्या, ज्यांनी पुनर्विवाहासाठी सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं. त्यांना काय वाटलं असेल हाही प्रश्न आहेच.

रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला जमीन दिली, तिथे १९०० मध्ये झोपडी उभी राहिली. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि कॉलेज सुटलं की हिंगण्याला चालत जात. सुट्ट्यांत वर्गणीचे दौरे. आश्रमाचे अहवाल छापले जात, जमाखर्चासकट. गणिताच्या मास्तरचा हिशेब तो. पावती दिलेल्या माणसाला आपलं नाव छापलेलं दिसलं की पुढच्या वर्षी तो दारात उभं करतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

या कामातली मला सर्वांत आवडणारी व्यक्ती मात्र पार्वतीबाई आठवले. बायांची बहीण, विधवा, पदरी मुलगा. तरुणपण उलटताना शिकायला बसल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या हिंदुस्थानभर हिंडल्या. व्याख्यान द्यायचं तर लोकांपुढे उभं राहायची भीड, ती मोडली. १९१८ मध्ये, इंग्रजी धड येत नसताना, अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी पैसे मिळवले. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात हे सगळं आहे. शिबिरातल्या मुली जेव्हा म्हणतात, “ताई, आमचं इंग्लिश कच्चं आहे, प्रपोजल कसं लिहिणार?”, तेव्हा मी पार्वतीबाईंचं नाव काढते. त्यांच्या हातात प्रपोजल नव्हतंच. ज्या स्थितीतून बायकांना बाहेर काढायचं होतं, त्या स्थितीतूनच त्या आलेल्या होत्या, आणि ऐकणाऱ्याला ते दिसत होतं.

अण्णांच्या आयुष्यात एक गमतीदार वळण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांना टपालानं जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. पाठवणारा अनोळखी. ती त्यांनी चाळून बाजूला ठेवली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषण तयार करायला बसले आणि पुस्तिका पुन्हा हातात घेतली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं! टोकियोतल्या कुणी कारकुनानं किंवा प्राध्यापकानं आपल्या संस्थेची माहिती नीट लिहून काढली नसती तर? कंटाळत अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवते.

त्या विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले. त्या काळात पंधरा लाख. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं, आणि दानपत्राला अटी होत्या. अटींवरून पुढे बरीच वर्षं घोळ चालला. मुख्यालय १९३६ मध्ये पुण्याहून मुंबईला गेलं. मोठा दाता आला की पैशाची चिंता मिटते आणि संस्थेचा पत्ताही त्याच्या हातात जातो. वर्गणीदार हजार असले की त्यांतला एकही संस्थेला गाव सोडायला लावू शकत नाही.

हजारांकडून थोडं थोडं घेण्याचा प्रयोगही याच काळात झाला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकानं एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. टिळकांनी पाठ थोपटली. १९०८ मध्ये या पैशावर काचेचा कारखाना निघाला तो तळेगावला, म्हणजे जिथून दक्षिणेची सुरुवात झाली त्या दाभाड्यांच्या गावात. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला तो आवडतो.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आजी दळायला बसण्याआधी मूठभर ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची. त्याला मुष्टिफंड म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तिच्या लेखी ते ‘बोर्डिंगचं’. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. रोकड मागितली असती तर शेतकऱ्याच्या घरात ती नव्हतीच. धान्य होतं, आणि धान्याची मूठ बाईच्या हातात होती. तिला नवऱ्याला विचारावं लागत नव्हतं. पाटीलमास्तरांनी हे ओळखलं. बोर्डिंगमधल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारशी बिनसलं आणि संस्थेचं अनुदान थांबलं, तरी शाळा बंद पडल्या नाहीत. पुढे अनुदान परत सुरू झालं. एका हातून येणारा घास बंद झाला तरी दुसऱ्या हातून येत होता, म्हणून भाऊराव सरकारला तोंडावर बोलू शकले. आमच्या क्षेत्रात याला आता ‘फंडिंग मिक्स’ म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं.

स्वातंत्र्यानंतर संशय कायद्यात गेला. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, धर्मादाय आयुक्त, दरवर्षीचं ऑडिट, बदल अर्ज. १९७६ मध्ये, आणीबाणीत, परदेशी पैशावरचा कायदा. त्याच सुमारास परदेशी दात्यांकडून लॉगफ्रेम नावाचा तक्ता आला. तो १९६९ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत खात्यासाठी बनवला होता. उद्दिष्ट, निष्पत्ती, पडताळणीचं साधन, आणि शेवटी ‘गृहीतके’. मराठवाड्यातल्या एका कार्यकर्त्यानं गृहीतकांच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘पाऊस वेळेवर पडेल’. बाकीचे हसले. मी ते तसंच ठेवलं. पाणलोटाच्या प्रकल्पाला त्याहून खरं गृहीतक काय असणार? ते मंजूरही झालं.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले, आणि २०१४ पासून दात्याच्या खुर्चीत एचआरचा तरुण अधिकारी येऊन बसला. त्याचा संशय वेगळा आहे. मार्चअखेर पैसे खर्च होतील ना? फोटोत आमचा बोर्ड दिसेल ना? यावर कार्यकर्ते नाकं मुरडतात. मला त्यात फार वाईट दिसत नाही. फर्ग्युसनच्या नावापेक्षा बोर्ड लहानच असतो. मला खुपतं ते दुसरं. परदेशी पैशाच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्था आजवर प्रपोजल लिहायच्या आणि गावातल्या लहान संस्था त्यांच्या छत्राखाली काम करायच्या. ते छत्र गेलं. प्रशासनाचा खर्चही वीस टक्क्यांच्या आत आणला, म्हणजे लिहिणारा, हिशेब ठेवणारा माणूस पगारावर ठेवणं आणखी अवघड.

म्हणून आता शिबिराला येतात त्या बहुतेक गावातल्या बायका, बचतगटाच्या, महिला मंडळाच्या. त्यांच्या पिशवीत वह्या असतात. कुणी किती कर्ज घेतलं, हप्ता का चुकला, कुणाच्या घरी बाळंतपण होतं, कुणाची म्हैस मेली, सगळं तारीखवार. त्या विचारतात, “ताई, हे सगळं फॉर्ममध्ये कुठं बसवायचं?” मग आम्ही वही मध्ये ठेवून फॉर्म एकेका रकान्यानं वाचत जातो. म्हशीची नोंद ‘जोखीम व्यवस्थापन’मध्ये जाते. चुकलेले हप्ते लपवायचे नाहीत, ते ‘पडताळणीचं साधन’मध्ये येतात, दात्याला बहुधा तीच पानं पाहायची असतात. ‘पूर्वानुभव’ या रकान्याशी मात्र दर वेळी अडतं, कारण त्यात आधी मिळालेल्या अनुदानाची रक्कम विचारलेली असते आणि यांना आजवर कुणी काही दिलेलंच नसतं. तिथे मी वर्गणीचा एकूण आकडा लिहायला सांगते. दहा रुपयांपासूनचा.